घडीतला ताप

कडकरावांचा हात म्हणजे इस्त्रीचा धाकटा भाऊ, असं त्यांची बायको म्हणायची. उगाच नाही म्हणायची. उभा जन्म कपड्यांवर इस्त्री फिरवण्यात गेलेला; तळव्याची कातडी इतकी निबर झालेली की गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उचलून खुशाल ओट्यावर ठेवत. गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कॉलर ताठ उभी राहिली पाहिजे आणि बाहीची रेघ लांबून दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून ते कडकराव. नाव ऐकून नवं गिऱ्हाईक जरा दबकून यायचं. पण कडकपणा सगळा कपड्यांपुरता. बायको गेल्यापासून माणूस आतून पार चुरगळला होता आणि ते कुणाला दिसू नये म्हणून रोज दाढी करून दुकान उघडत होता.

दुकान खाली, राहायची खोली वर. मुलगा बोटीवर नोकरीला; त्याचा फोन लागला तर लागला. सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एका हॉटेलच्या रिसेप्शनवर कामाला होती. तिला रोज पांढराशुभ्र कडक शर्ट लागायचा, तेव्हा दर आठवड्याला हॉटेलचा ड्रायव्हर तिच्या शर्टांचं गाठोडं कडकरावांकडे टाकून जाई आणि इस्त्री झालेले शर्ट घेऊन जाई. शर्ट यायचे, शर्ट जायचे. सून येत नसे. तिच्यावर रागवायची सोय नव्हती. नोकरी, घर, शाळेतली पोर, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. कडकराव तिचे शर्ट सगळ्यात शेवटी, हात अगदी बसला की करत. सासरा म्हणून तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच काय ते उरलं होतं.

एका सकाळी ती अचानक दारात उभी. कडेवर पोर, खांद्याला बॅग, आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याची घाई.

"बाबा, भिंगरीला ताप आहे. फार नाही, पण शाळेत घेत नाहीत. मला आज सुट्टी मिळत नाहीये. ठेवू का तुमच्याकडे?"

भिंगरी म्हणजे नात. एरवी घरभर भिरभिरणारी पोर आज मुकाट आईच्या मानेला चिकटून होती.

"अगं, विचारतेस काय! ठेव की."

"या बॅगेत थर्मामीटर आहे. दुपारी बघा. शंभराच्या वर गेला आणि मलूल वाटली तर हे सिरप, मी खूण केलीय तेवढंच. तिच्या वजनावरून ठरवून दिलंय डॉक्टरांनी. मोठ्यांची गोळी अर्धी करून वगैरे द्यायची नाही. आणि पाणी पाजत राहा. गुंडाळून ठेवू नका."

"अगं, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का?" कडकराव म्हणाले. खरं तर पोर वाढवलं होतं बायकोनं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

दुकानात इस्त्री झालेल्या चादरींच्या ढिगाशेजारी त्यांनी भिंगरीला गादी घालून दिली. स्वतः मजेत होते. अंग जरा ठणकत होतं, पाठीतून शिरशिरी येत होती, पण म्हटलं, पंख्याचा वारा लागला असेल. पंखा बंद केला, स्वेटर चढवला. दुकानात कुणीतरी आहे, मागे वळून बघितलं की कुणीतरी दिसतंय, याचाच इतका आनंद होता की दुखण्याबिखण्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता.

दुपारी त्यांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार. थर्मामीटर बॅगेतच राहिला. ते बटण, तो आवाज, कोण त्या भानगडीत पडणार? हात आहे ना!

"आबा, तुमचा हात चटका देतो," भिंगरी कुरकुरली.

"इस्त्रीवाल्याचा हात आहे बाळ तो. गरमच असायचा."

त्यांनी सुनेला मोबाईलवर निरोप धाडला की ताप उतरला आहे, काळजी नसावी. मग पोर गार पडलेली बघून एक चादर तिच्या अंगावर घातली, आणि तासाभरानं आणखी एक घातली.

संध्याकाळी सून आली, वाकून लेकीच्या गालाला हात लावला आणि हातातली पर्स तिथंच टाकली.

"अहो बाबा, ही तर भाजतेय!"

"छे! आत्ता बघितलं मी. गार होती."

तिनं चादरी ओढून काढल्या, थर्मामीटर पोरीच्या काखेत धरला. बीप वाजला. एकशे दोनच्या वर. कडकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर हात लावत होतो, ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले, दिवसभर हात लावत होतो गं. सुनेनं आधी खुणेइतकं सिरप पाजलं, कोमट पाण्यात फडकं भिजवून पोरीचे हातपाय पुसले, घोट घोट पाणी दिलं. भिंगरीनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून संपवला आणि टीव्ही नाही का म्हणून विचारलं, तेव्हा कुठं सुनेचे खांदे खाली आले. मग तिनं सासऱ्याकडे नीट पाहिलं. उकाड्यात स्वेटर, लाल डोळे, टेबलाला टेकून उभे. ती उठली आणि काही न विचारता त्यांच्या मानेला पालथा हात लावला.

बायको गेल्यावर कडकरावांना माणसाचा हात असा लागलाच नव्हता. गिऱ्हाईक कपडे हातात देतं, हात हातात देत नाही. त्यांना एकदम गलबलून आलं आणि ते तोंड फिरवून उगाच इस्त्रीची वायर सरळ करायला लागले.

"बाबा, ताप तुम्हाला आहे! तिच्यापेक्षा जास्त!" तिनं थर्मामीटर पुसून त्यांच्या काखेत खुपसला. "तुमचाच हात तापलेला, मग तिचं कपाळ गार लागणार नाही तर काय?"

कडकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं रागवावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती रागावली नाही. एकीकडे पेंगुळलेली पोर आणि एकीकडे तापलेला सासरा, तिची पार ओढाताण झाली होती. दोन आजाऱ्यांना एका खोलीत ठेवून चालणार नव्हतं; ताप तिलाही चढला असता. ती आडवी झाली तर दोघांना बघणार कोण?

"हा थर्मामीटर इथंच राहू दे, माझ्याकडे घरी दुसरा आहे. मी फोन करीन, तेव्हा आकडा सांगायचा. हातानं बघायचं नाही! स्वतःच्या हातानं स्वतःचा ताप कळत नाही. काखेत धरा, बीप वाजेपर्यंत दंड घट्ट. तापाची गोळी सहा तासांच्या आत परत घ्यायची नाही, कितीही कणकण वाटली तरी. पाणी, सूप, जे जाईल ते प्या. आणि श्वास लागला, मान आखडली, अंगावर पुरळ आलं, काही कळेनासं झालं, तर माझ्या फोनची वाट बघायची नाही. शेजारी हाक मारायची आणि सरळ हॉस्पिटल. कळलं?"

"कळलं."

"परत सांगा बघू."

त्यांनी शाळेतल्या पोरासारखं परत सांगितलं. मग ती पोरीला घेऊन गेली, आणि दुकानात चादरींचा ढीग आणि कडकराव एवढेच राहिले.

पण फोन आला. सकाळी आला, दुपारी आला, संध्याकाळीही आला.

"किती?"

"एकशे दोन आणि वर तीन."

"गोळी घेतली? काय खाल्लंत? लघवीला होतंय ना नीट?"

सासऱ्याला कुणी असलं काही विचारतं का! पहिल्यांदा कडकराव ओशाळले. दुसऱ्यांदा व्यवस्थित उत्तर दिलं. तिसऱ्यांदा, तिनं विचारायच्या आधी स्वतःच सांगून टाकलं. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचा एक कान फोनकडे असायचा. भिंगरीचा ताप उतरला, ती घरभर फिरायला लागली, ही बातमी त्यांना फोनवरच कळली. सून दुपारचं जेवण उरकता उरकता बोलायची. मागून चमच्याचा आवाज यायचा, मध्येच "एक मिनिट हं बाबा" म्हणून कुणाला तरी खोलीची किल्ली कुठं ते सांगायची. त्या एका मिनिटातसुद्धा कडकराव फोन कानाला लावून बसून राहत. अंग ठणकत होतं, तोंडाला चव नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतके बरे दिवस त्यांनी बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

मग व्हायचं ते झालं. घाम फुटला, अंग हलकं झालं आणि आकडा अठ्ठ्याण्णवावर येऊन बसला.

"सुटलात बाबा!" सून म्हणाली. तिच्या आवाजातलं ओझं उतरलेलं फोनमधूनही कळत होतं. "आता आराम करा. संध्याकाळी फोन नाही केला तर चालेल ना? जरा गर्दी आहे आज."

"चालेल की. न चालायला काय झालं?"

संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी कडकरावांनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकं आली, कपडे टाकून गेली. "बरं आहे का आता?" एकानं विचारलं, आणि "हो" ऐकायला थांबलाही नाही. दुपार आली नि गेली. फोन टेबलाच्या कोपऱ्यावर गप्प पडलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाजला, तेव्हा कडकरावांनी इस्त्री अशी काही बाजूला ठेवली की एका पायजम्याला डाग पडता पडता वाचला.

"सहज केला. नॉर्मल ना आता?"

"थांब, बघून सांगतो."

थर्मामीटर इस्त्री केलेल्या चादरींवर पडला होता. चादरी नुकत्याच हातावेगळ्या झालेल्या, उबदार. त्यांनी तो उचलून बटण दाबलं आणि काखेत धरायच्या आधीच आकडा चढत चढत शंभराच्या पुढं गेला. कडकरावांनी जे दिसलं ते वाचून दाखवलं.

"अरे देवा! परत आला?" सुनेचा आवाज एकदम जवळ आला. "बाबा, उतरून परत येणं चांगलं नसतं. संध्याकाळी करते मी फोन. करतेच."

चादरीचा ताप आहे गं तो, एवढं म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण ती "करतेच" म्हणाली आणि कडकरावांनी तोंड मिटलं.

आता त्यांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. कडकराव खोटं बोलत नसत. कुणाची चुन्नी जळली तर गिऱ्हाईक यायच्या आत स्वतः जाऊन सांगून येत आणि शिव्या खाऊन परत येत. त्यामुळे न पाहिलेला आकडा सांगणं त्यांना जमणारच नव्हतं. मग काय करायचं? आकडा पाहायचा. दिसला पाहिजे, म्हणजे सांगता येईल. संध्याकाळच्या फोनआधी त्यांनी एक शर्ट कडक केला, घडीत थर्मामीटर सरकवला. आकडाच आला नाही; नुसतं एक इंग्रजी अक्षर आलं, बहुतेक त्यालाही भोवळ आली असावी. कडकरावांनी डोकं चालवलं. शर्ट जरा निवू द्यायचा. पॉलिस्टर फार लवकर निवतं, जाड सुती बरं. घडीचा वरचा पदर नको, मधला हवा. दोन-तीन फोन होईस्तोवर त्यांचा हात असा काही बसला की पाहिजे तो आकडा घडीतून काढून दाखवावा. आणि आकडा दिसला की ते फोनवर प्रामाणिकपणे वाचून दाखवत.

यातली गंमत त्यांनाही कळत होती आणि लाजही वाटत होती. फोन वाजेपर्यंत लाज वाटायची, वाजला की वाटायची नाही.

पण सून काही दुधखुळी नव्हती. "डॉक्टरकडे गेलात?" "जातो उद्या." "काल पण उद्याच म्हणालात." शेवटी तिनं जाहीर केलं, "शनिवारी मी सुट्टी काढलीय. मॅनेजरशी भांडून काढलीय. मी येते, आपण रक्त तपासून घेऊ. मला आता झोप लागत नाही, बाबा."

फोन ठेवल्यावर कडकराव एकदा हसले आणि मग घाबरले. ती येणार होती! दिवसभर असणार होती. आणि डॉक्टर काखेत घालतील त्या नळीला शर्टाची घडी कुठून दाखवणार? त्या धांदलीत त्यांनी तिच्याच शर्टांना हात घातला. तिचे शर्ट जाड, सुती, ऊब धरून ठेवणारे. एका शर्टाच्या घडीत थर्मामीटर ठेवून ते चहा टाकायला वर गेले, तोच खाली हॉर्न वाजला. हॉटेलचा ड्रायव्हर आज लवकर आला होता. "झालेत का शर्ट?" "झालेत, झालेत, घेऊन जा," कडकराव वरूनच ओरडले. मनात सगळा शनिवार.

संध्याकाळी फोन वाजला.

"किती आहे?"

कडकरावांनी टेबल पाहिलं. चादरी उचकल्या. खिसे चाचपले, टेबलाखाली वाकले.

"थर्मामीटर सापडत नाहीये गं."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे कसं सांगू?"

पलीकडे एक बीप वाजला.

"माझ्या शर्टात आहे तो," सून म्हणाली. "घडीच्या मधोमध. बटण दाबलं तर शेवटचा आकडा दिसतो त्यात. एकशे एक आणि वर दोन. माझ्या शर्टाला ताप आलाय, बाबा."

ती हसेल, असं कडकरावांना क्षणभर वाटलं. ती हसली नाही.

"आईंचं असंच सुरू झालं होतं. उतरला, परत आला, आपण म्हटलं साधाच आहे. मी रोज ते मोजत होते. तुम्ही आकडा सांगितलात की मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते. लेकीसमोर रडता येत नाही मला." तिनं नाक ओढलं. "का केलंत असं?"

कडकराव स्टुलावर बसले. सबबी पुष्कळ होत्या, पण त्यांतली एकही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

"ताप गेला की तुझा फोन बंद होतो," ते म्हणाले.

"काहीतरीच काय! तापाचा काय संबंध? ताप नसता तरी मी फोन केलाच..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. ताप यायच्या आधी तिनं शेवटचा फोन कधी केला होता, ते दोघंही आठवायला लागले असावेत. दोघांनाही आठवलं नाही. तिनं फोन ठेवून दिला.

शनिवारी ती आली नाही. येण्याचं कारणच संपलं होतं. कडकरावांनी दुकान उघडलं, कपडे केले, दुकान बंद केलं. आपण चुकलो हे त्यांना मान्य होतं. बायकोच्या आजाराची भीती त्यांनी त्या पोरीला पुन्हा एकदा भोगायला लावली होती, आणि तीसुद्धा दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी. आपण होऊन फोन करायला हात धजत नव्हता. काय म्हणणार? "मी बरा आहे"? त्यासाठी कुणी कुणाला फोन करतं का? ड्रायव्हर पुढच्या गाठोड्यासकट आला. कडकरावांनी शर्ट एकेक करून झटकून पाहिले, एखादी चिठ्ठी वगैरे असेल म्हणून. शर्टात शर्टच होते. त्यांनी ते मन लावून कडक केले. एका कॉलरवर टपकन पाणी पडलं, ते त्यांनी शिंपडलेलं नव्हतं; त्यावरूनही त्यांनी इस्त्री फिरवली.

आणि एका दुपारी, नेहमीच्या जेवणाच्या वेळेला, फोन वाजला.

"हॅलो," सून म्हणाली.

"हॅलो. ताप नाही हो मला," कडकराव घाईघाईनं म्हणाले. "खरंच नाही. आणि थर्मामीटरही नाही."

"माहितीये."

आकड्याशिवाय संभाषण सुरू करायची दोघांनाही सवय नव्हती. मागून चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला.

"जेवतेस?"

"हो. एकटीच असते मी इथं या वेळेला. मधल्या सुट्टीत बाकीच्या मुली बाहेर जातात." ती जरा थांबली. "मी अजून रागावलेय तुमच्यावर, बाबा."

"हो. रागाव तू."

"पण जेवताना तुमचा आवाज ऐकायची सवय लागली. आता घास उतरत नाही. काहीतरी बोला."

कडकरावांनी दुकानभर नजर फिरवली. ढीग, टेबल, इस्त्री, भिंत.

"काय सांगू गं? आज तर काहीच झालं नाही."

"मग तेच सांगा."

कडकरावांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, स्टूल ओढून बसले, आणि सकाळी उठल्यापासून काय काय झालं नाही ते एकेक करून सांगायला लागले.